उषाबेनचं फिरतं रेडिओ केंद्र

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता २२ वर्षांच्या होत्या आणि मुंबईत कायदा शिकत होत्या. पुस्तकं बाजूला ठेवून त्यांनी बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई व चंद्रकांत झवेरी यांच्यासोबत गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. यंत्रांसाठी शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींची मदत झाली. ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झवर, चिमूर-आष्टीची, जमशेदपूरच्या संपाची अशी दाबलेली बातमी लोकांना ऐकू येऊ लागली.

बातमी सर्वांसाठी होती, लपवायची होती ती जागा. पोलिसांच्या गाडीत वळवता येणारा अँटेना असे. तो फिरवताना एका दिशेला आवाज पडतो, त्यावरून नकाशावर रेघ ओढता येते. दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ ओढली की दोन्ही छेदतात तिथे केंद्र. याला वेळ लागतो. म्हणून कार्यक्रम छोटा ठेवायचा आणि सामान उचलून नव्या घरी जायचं. पुढे ध्वनिमुद्रण एकीकडे आणि प्रक्षेपण दुसरीकडे होऊ लागलं.

आज इंटरनेटवर मधलं केंद्रच नसलेली जाळी असतात. संगणक एकमेकांशी थेट बोलतात, एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. तरी पहारा चुकत नाही. रुग्ण बोलण्याआधीच डॉक्टरांना त्याच्या श्वासावरून दम्याची शंका येते, तशी सेन्सॉरची यंत्रं मजकूर न वाचता डेटाच्या पाकिटांचा आकार, त्यांच्यामधला वेळ आणि सुरुवातीचे ठराविक बाइट यांवरून वाहतूक ओळखतात. त्यामुळे ती साध्या वेबसाइटच्या वाहतुकीसारखी दिसेल अशी करावी लागते.

उषाबेनचं केंद्र मात्र एकच होतं, आणि ते फुटलं माणसामुळे. एका तंत्रज्ञाने पत्ता दिला. धोका कळूनही त्यांनी १२ नोव्हेंबरचा कार्यक्रम सोडला नाही. पोलीस दारं फोडून आत शिरले तेव्हा प्रक्षेपण चालूच होतं.

चौकशीत सहा महिने एकांतात ठेवूनही त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यात प्रकृती ढासळल्यावर त्यांना पहाऱ्यात जे. जे. रुग्णालयात आणलं, आणि उपचारानंतर पुन्हा येरवड्यालाच नेलं. १९४६ मध्ये सुटका झाली, पण तब्येत बराच काळ सावरली नाही. नंतर गांधीविचारांवर पीएचडी करून त्यांनी विल्सन कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.