पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर

छत्रपती संभाजीनगरात येऊन पाणचक्की न पाहता परतणारा पर्यटक विरळाच. याच परिसरात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. मध्य आशियातील बुखाऱ्याजवळचे गिजदुवान हे त्यांचे मूळ गाव. नक्शबंदी परंपरेचे हे सूफी संत सतराव्या शतकात हिंदुस्थानात आले आणि अखेर तेव्हाच्या औरंगाबादेत स्थिरावले.

इतक्या लांबच्या वाटेवर फकिराजवळ सामान ते किती असणार? त्यांचे गुरू बाबा पलंगपोश. या नावावरून मराठी माणसाला अंथरुणावरची चादर आठवेल. फारसीत मात्र पलंग म्हणजे बिबट्या आणि पलंगपोश म्हणजे त्याचे कातडे पांघरणारा. गुरूंच्या नावात निदान एक पांघरूण तरी आहे. शिष्याच्या नावात केवळ प्रवास!

परंतु फकिराची झोळी हलकी राहते, ती वाटेत कोणीतरी आसरा आणि भाकरी देतो म्हणून. औरंगाबादेतील बाबांचा तकिया असाच आसरा ठरला. 1715 मध्ये बाबांचे निधन झाले. शिष्य शाह महमूद यांनी गुरूंच्या आठवणी फारसीत ग्रंथबद्ध केल्या. 1744 मध्ये पाणचक्कीचे काम पूर्ण झाले. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई. यात्रेकरू आणि फकिरांसाठी तेथे धान्य दळले जात असे. पुढच्या मुसाफिरांना पिठाचे ओझे वाहून आणण्याची गरज उरली नाही.