देवाच्या दरबारांतले नारायण वामन टिळक

चरित्रें सांगावीं तीं संतांचीं, हा आपला परिपाठ. पण या महिन्यांत ज्यांचें चरित्र सांगावयाचें योजलें आहे, त्यांनीं तुळशीची माळ घातली नाहीं कीं पंढरीची वारी धरली नाहीं. ते ख्रिस्ती झाले आणि ख्रिस्ती म्हणूनच गेले. मग वारकऱ्यांच्या मासिकांत त्यांचें काय काम, असें कोणी विचारील. काम आहे, सज्जनहो. आपल्या तुकोबारायांचें बोट धरून एक माणूस कुठल्या कुठें गेला. तिथें त्याला काय मिळालें, काय मिळालें नाहीं आणि अखेरीस तो कशावर टेकला, हें आपण समजून घ्यावयास हवें. शिवाय ते आपल्या नाशिक जिल्ह्याचे जांवई! पौषांत मालेगांवाकडील मंडळी निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं त्र्यंबकेश्वरीं निघतात, तेव्हां वाटेवर नाशिक लागतें. त्याच नाशिकांत त्यांची विद्या झाली.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. घराणें चित्पावनांचें. आई लवकर गेली. पोरवयांतच ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्या पायाशीं बसून संस्कृत काव्य शिकले. शास्त्रीबोवांपुढें बसून ज्यानें रूपें घोकलीं आहेत त्याला ठाऊक आहे कीं, त्या वयांत कानांत बसलेला नाद जन्मभर जात नाहीं. टिळकांचाहि गेला नाहीं.

१८८० सालीं त्यांचें लग्न झालें. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका. सासरचें नांव लक्ष्मी. या गोखल्यांच्या घरचें सोवळें म्हणजे कहर. विटाळाच्या धास्तीनें घरांत सदा धुण्याधुपण्याचा घोर, आणि त्यापायीं लेंकरांच्या जिवाला चैन नाहीं. लक्ष्मीबाईंनीं पुढें ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत हें सारें हंसत हंसत लिहून ठेवलें आहे. पण वाचतांना पोटांत कालवतें. आचार शुद्धीसाठीं असतो, हें खरें. पण देवाच्या नांवानें भीतीच तेवढी शिल्लक राहिली, तर त्याला धर्म म्हणावा कीं आजार?

टिळकांचा जीव त्या चौकटींत रमेना. स्वभाव मोठा मनस्वी. आज इथें तर उद्यां तिथें. कधीं शाळामास्तर, कधीं पुराणिक, कधीं वक्ते. संसाराची ओढाताण झाली ती सगळी बाईंच्या वांट्याला. फिरत फिरत ते नागपुरास गेले. तेथें श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहून संस्कृत ग्रंथांचें काम केलें, ‘ऋषि’ नांवाचें मासिक काढलें. त्या दिवसांत त्यांनीं आपल्यापुरतीं धर्माचीं कांहीं कलमें मनाशीं बांधलीं. सृष्टीचा कर्ता ईश्वर एक आहे, माणसें सारीं भावंडें आहेत, जातिभेद नको, मूर्तिपूजाहि नको, अशीं तीं कलमें. जुनें घर मनानें सुटलें होतें, नवें मिळालें नव्हतें. अशा मधल्या ठायीं उभा राहिलेला माणूस फार एकटा असतो.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या प्रवाशाशीं गांठ पडली. बोलणें काव्याचें, मग धर्माचें निघालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थानें नव्या कराराचें पुस्तक हातीं ठेवलें आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळक पुस्तक वाचूं लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं अडले. शत्रूवरहि प्रेम करा, हा उपदेश त्यांच्या काळजास भिडला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण परक्या मिशनऱ्याच्या हातून नको, देशी माणसाच्याच हातून, असा त्यांचा हट्ट होता. बाप्तिस्मा देणारे जे पाळक, त्यांचें नांव रेव्हरंड तुकाराम नथोजी! योगायोग म्हणा, पण ऐकून आपल्याला बरें वाटतें खरें.

इकडे घरीं आकांत झाला. नवरा जिवंत, कुंकू कपाळीं, आणि संसार मोडलेला. लक्ष्मीबाई त्या दुःखाच्या काळांत कांहीं दिवस कुठें राहिल्या? पंढरपुरीं, नातलगांकडे. पुढें त्या टिळकांकडे आल्या, पण सोवळें-ओवळें, वेगळें पाणी, वेगळी चूल चालूच. नवऱ्यानें धाकदपटशा केला नाहीं. बाईंनींच एके दिवशीं विचार केला कीं, जात देवानें केली कीं माणसानें? उत्तर मनांतूनच आलें आणि सोवळें सुटलें. कांहीं वर्षांनीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं जी उडी घेतली, ती बाईंनीं एकेक पायरी करून उतरली. दोहोंत कष्ट कोणाचे अधिक, हें आपल्या घरच्या मायबहिणींना विचारावें.

अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें टिळकांनीं वीसएक वर्षें काढलीं. पाठशाळेंत शिकवलें, १९०४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. अनाथ पोरें घरीं सांभाळलीं. खानदेशांतला कोवळा कवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्याला आपण बालकवि म्हणतों, त्यालाहि त्यांच्या घरीं माया मिळाली. तरी एक सल राहिलाच. देवळांत साहेबी चाली, परक्या सुरांवरचीं गाणीं, आणि विलायतेंतल्या पंथांचीं भांडणें इकडे आणून मांडलेलीं. सोवळें सोडून आलेल्या माणसाला इथेंहि एक सोवळें भेटलें. फक्त तें परदेशी कापडाचें होतें.

मग त्यांनीं काय केलें? जुन्या शिदोरीला हात घातला. टाळ आणले, वीणा आणली, भजन-कीर्तन आणलें. ख्रिस्तावर अभंग लिहिले. ते पुढें ‘अभंगांजली’ म्हणून प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना-संगीतां’त त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आहेत. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं आरंभलें, तें अपुरें राहिलें. पुढें लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें. आपण ख्रिस्ताच्या चरणीं पोंचलों ते तुकोबांच्या पुलावरून, असें ते उघड सांगत. नदी ओलांडली म्हणून पूल कोणी मोडीत नाहीं. टिळकांनीं तर तो जन्मभर झाडून-लोटून साफ ठेवला.

अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशन सोडलें, ख्रिस्त सोडला नाहीं. पगार गेला, आश्रय गेला. संन्यस्त वृत्तीनें ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेला बसावा, न घेतलेलाहि बसावा. ख्रिस्तावर प्रेम असलें म्हणजे झालें. वहींत नांव आहे कीं नाहीं हें पाहूं नये. इंग्रजी अमदानींत आणि मिशनच्याच जगांत राहून असें म्हणणें सोपें नव्हतें. दरबार पुरता भरण्याआधींच शरीर थकलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांनीं देह ठेवला.

आतां आपल्या कांहीं लोकांस वाटतें कीं, मिशन सोडलें म्हणजे टिळक परत आले. तसें नाहीं. त्यांचा ख्रिस्त अखेरपर्यंत त्यांचा राहिला. मेलेल्या माणसाला ओढून आपल्या दिंडींत उभा करणें हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि तुकोबा ही नुसती शिडी होती, असें कोणी म्हणेल, तर तेंहि खरें नाहीं. शिडी वर चढल्यावर दूर ठेवतात. टिळकांच्या तोंडीं शेवटपर्यंत अभंगच होता. त्यांनीं दोन घरें सोडलीं. दोहोंतून जें बरोबर नेलें तें एकच : भाव. बाकीचें ओझें उंबऱ्याबाहेर ठेवलें.

आपल्याला विचारण्यासारखा प्रश्न निराळाच आहे. असा रसाळ माणूस आपल्या घरांत गुदमरला कां? आपल्या संप्रदायाचा पायाच मुळीं दारें बंद झालेल्या घराचा. विठ्ठलपंतांना वाळींत टाकलें, त्यांच्या लेंकरांना पैठणास शुद्धिपत्र मागावें लागलें, अशी कथा आपणच सांगतों. तरी पंढरींतल्या राउळाचें दार सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना उपाशी बसावें लागलें. त्याच्या आधीं, १९३५ सालीं, आपल्या शेजारच्या येवल्यांत बाबासाहेब आंबेडकरांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें होतें. माणसें उगीच घर सोडीत नाहींत, बापहो.

तेव्हां कोणी आपली वाट सोडून गेला, तर त्याच्या नांवानें बोटें मोडूं नयेत. त्याच्या आईबापांना, बायकापोरांना गांवानें टाकूं नये. लक्ष्मीबाईंनीं काय सोसलें तें आठवावें. आणि उद्यां तो माणूस सहज भजनाच्या कडेला येऊन उभा राहिला, तर तो कोण, कुठला, हें न विचारतां थोडें सरकून त्याला बसायला जागा द्यावी. दरबार देवाचा आहे; आपण तिथले नुसते टाळकरी. रामकृष्णहरि.