कमी श्रेणीचा प्रबंध आणि स्वांटे आऱ्हेनियस

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळताना तुम्ही पाहिले असेल. दोन्ही द्रावणे दाहक; परंतु योग्य प्रमाणात एकत्र आली की उरते फक्त मीठ आणि पाणी. या उदासिनीकरणाचे मर्म ज्यांनी उलगडले, त्या स्वांटे आऱ्हेनियस यांचे चरित्र तुम्ही व तुमच्या पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

स्वीडनमधील उप्सालाजवळ विक येथे १९ फेब्रुवारी १८५९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जमीन मोजणीचे काम करीत. मुलगा तिसऱ्या वर्षीच आपला आपण वाचावयास शिकला. पुढे उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान होईना, म्हणून १८८१ साली ते स्टॉकहोमला प्रा. एडलुंड यांच्याकडे गेले. द्रावणांतून वीज कशी वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

१८८४ साली त्यांनी आपला प्रबंध उप्सालास सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली आणि अध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद झाली. पण आऱ्हेनियस रडत बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील जाणकारांकडे धाडल्या. त्यांपैकी रीगा येथील प्रा. ओस्टवाल्ड त्याच वर्षी स्वतः उप्सालाला येऊन त्यांना भेटले. त्यानंतर विद्यापीठानेही त्यांना अध्यापक नेमले.

१८८७ साली त्यांचा सिद्धान्त पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. पाण्यात विरघळताच, वीज न सोडताही, आम्ले, आम्लारी व क्षार विद्युतभारित आयनांत विभागतात. आम्ल हायड्रोजन आयन देते, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते. दोहोंच्या संयोगाने पाणी बनते. म्हणूनच कोणतेही तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी घ्या, विरल द्रावणात एक मोल पाणी बनताना सुमारे १३.७ किलोकॅलरी एवढीच उष्णता बाहेर पडते.

१९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश होत. २ ऑक्टोबर १९२७ रोजी ते निवर्तले. त्यांची व्याख्याही अपुरी होती. अमोनियात हायड्रॉक्साइड नसूनही तो आम्लारी कसा, याचा उलगडा १९२३ साली ब्रॉन्स्टेड व लोरी यांच्या व्यापक व्याख्येने झाला.

पालकहो, मुलाच्या गुणपत्रिकेवर एखादा आकडा कमी दिसला, तर रागावण्यापूर्वी त्याची वही उघडून पाहा. आणि मित्रहो, आपले काम खरे वाटत असेल, तर ते पेटीत ठेवू नका. दुसऱ्या जाणकारापुढे ठेवा.