खंजिरी आणि चिमूरची पोरं

मगरिबची अजान आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, दोन्हींची वेळ दिवेलागणीची. वऱ्हाडातल्या गावांत रमजानच्या महिन्यात एका गल्लीत खजुराची ताटली फिरत असते, तर पलीकडच्या गल्लीत सतरंजीवर माणसं ओळीने डोळे मिटून बसलेली असतात. ही प्रार्थना सुरू करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा फोटो आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून पानठेल्यापर्यंत दिसतो. फोटोला हार घालताना त्यांच्या आयुष्यातला १९४२ चा ऑगस्ट मात्र फारसा कुणाला आठवत नाही. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. आई मंजुळाबाई, वडील बंडोजी. घरात गरिबी, शाळा प्राथमिकपुरतीच. पाळण्यातलं नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याचा तुकड्या केला. पोरगा जंगलात रमायचा. चिमूरजवळ गोंदोड्याच्या रानात त्याने तप केलं असं सांगतात. बाहेर आला तेव्हा हातात खंजिरी होती. ही खंजिरी म्हणजे आमच्याकडच्या डफाची धाकटी बहीण. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, हा त्यांच्या भजनाचा बाज कव्वाली ऐकणाऱ्याला परका वाटत नाही. मराठीइतकीच भजनं त्यांनी हिंदीत लिहिली, आणि ती हिंदी किस्मतसारखे शब्द सहज वापरणारी, बाजारात बोलली जाणारी होती.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी गांधीजींनी त्यांना सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, महिनाभर ठेवून घेतलं. सत्ताविशीतल्या तरुणाभोवती खेडीच्या खेडी गोळा होत होती. त्यांत बहुतेक पोरंच.

मग 'चले जाव' आलं. महाराजांच्या भजनांनी चिमूर-आष्टीचा मुलूख आधीच तापलेला होता. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरमध्ये मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. पिसाळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना मारून टाकलं. त्याच दिवशी आष्टीत पोलीस ठाण्यासमोर गोळ्या चालल्या. तिथल्या हुतात्म्यांत पंचम गोंड आहेत, नवाब रशीद खानही आहेत. तिथेही पोलीस मारले गेले. नंतर चिमूरमध्ये लष्कर शिरलं आणि घराघरांतल्या बायकांनी जे सोसलं, त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. भन्साळींनी आधी दिल्लीत दार ठोठावलं होतं ते आपल्या वणीच्या बापूजी अणे यांचं. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चिमूरच्या अनेक तरुणांना फाशी सुनावली गेली. त्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जीव टाकला. पुढे त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

महाराजांना २८ ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात तीनेक महिने काढून डिसेंबरात ते सुटले.

त्या पोरांना हुतात्मे आणि क्रांतिवीर म्हणून आपण मान देतो, तो रास्तच आहे. पण ज्याच्या गाण्याने पोरं पेटली, त्याने पुढची पंचवीस वर्षं कशात घालवली, तेही बघायला हवं. त्यांनी गावोगाव सेवा मंडळं उभी केली. पोरांना पहाटे उठवून रामधून म्हणत गाव झाडायला लावलं, व्यायामशाळेत नेलं, संध्याकाळी प्रार्थनेला बसवलं. एखाद्या गावात हाणामारीला निघणारी पोरं कोणती, हे तिथल्या म्हाताऱ्यांना नेमकं ठाऊक असतं. महाराजांनी कामाला जुंपलं ते त्याच वयाला. प्रार्थनेत जात विचारायची नव्हती. समोर मूर्ती नव्हती, होतं ते फक्त एक रिकामं आसन, ज्याला अधिष्ठान म्हणतात. मुसलमानाने त्या ओळीत बसायचं तर अडचण उरू नये, अशी ही मांडणी. ती मुद्दाम केलेली होती, असं मला वाटतं.

'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांत ग्रामरक्षणाला एक अध्याय आहे, संघटनशक्तीला वेगळा आहे, ग्रामआरोग्याला आणखी वेगळा. गावाची राखण ठाण्यावर सोडून चालत नाही, मंडळ, शाळा, पंचायत, आखाडा यांनी ती मिळून करायची, हा हिशेब त्यात पानोपानी आहे. आज सण जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मीही अशा बैठकांना बसलो आहे. चहा होतो, दोन्ही बाजूंचे पन्नाशीपुढचे लोक चांगलं बोलतात आणि उठतात. ज्यांच्या हातात रात्री दगड किंवा मोबाईल असणार, ते अठरा-वीस वर्षांचे कुणी खोलीत नसतात. माझ्या वर्गातल्या मुलांना अशी समिती असते हेच माहीत नव्हतं. तराबीहनंतर चौकात उभी राहणारी मुलं आणि गणपती मंडळाची मुलं एकाच कॉलेजात शिकतात, पण एखादं काम मिळून करावं असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, नंतर भारत साधु समाजाचे अध्यक्ष झाले, युद्धाच्या काळात सीमेवर जवानांसमोर खंजिरी घेऊन उभे राहिले. राष्ट्रसंत ही उपाधी डॉ. राजेंद्रप्रसादांनी दिली. हे सगळं मोठंच, पण त्यांचा खरा संसार मोझरी आणि आजूबाजूची खेडी हाच होता. कर्करोगाने ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजातच ते गेले.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत लाखो माणसं जमतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या जाण्याच्या वेळेला, सगळं थांबतं. आपल्या यवतमाळकडून गेलेले, दिंड्यांतून पायी चालत आलेले, सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. मौन संपलं की सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि त्याच व्यासपीठावरून अरबीतली दुआही ऐकू येते.