वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (जन्म : ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण, मृत्यू : १७ फेब्रुवारी १८८३, एडन) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे मराठी क्रांतिकारक होते. त्यांना आद्य क्रांतिकारक म्हटले जाते.

पूर्वायुष्य

फडके यांचा जन्म पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीस लागले. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा तिचे निधन झाले होते. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्येचे शिक्षण घेतले. दख्खनमधील १८७६-७७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांची झालेली दैना त्यांनी पाहिली आणि सशस्त्र उठावाचा निश्चय केला.

उठाव

पुणे आणि शिरढोण यांच्या मध्ये मावळ-मुळशीचा घाटमाथा उभा आहे. सह्याद्रीच्या या रांगा, त्यांतील चोरवाटा आणि पाणवठे रामोशी समाजाच्या अंगवळणी पडलेले होते. सुशिक्षितांकडून साहाय्य न मिळाल्याने फडके यांनी रामोशांना हाताशी धरले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे त्यांनी पहिला दरोडा घातला. लुटीच्या पैशातून सैन्य उभारण्याचा त्यांचा हेतू होता. लुटीच्या वाटणीवरून मात्र साथीदारांशी मतभेद होत गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. त्यानंतर मेजर डॅनियल यांच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले आणि उठावाचा मुख्य आधार तुटला.

एकाकी भटकंती

१८७९ च्या उन्हाळ्यातच फडके श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री गेले. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले होते, पैसा नव्हता आणि भरवशाची माणसे उरली नव्हती. कार्य फसले असे मानून देवापुढे प्राणार्पण करण्याचा विचार त्यांनी केला होता. तेथेच त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. तथापि प्राणार्पणाचा विचार मागे पडला आणि निजामाच्या मुलखातील रोहिल्यांची फौज जमवण्याचा नवा बेत त्यांनी आखला.

हा बेत तडीस गेला नाही. पाठलाग चुकवीत गावोगाव फिरताना ते तापाने फणफणले. डोंगरात असते तर आडोसा आणि राखण करणारे सोबती मिळाले असते. सपाट, परक्या मुलखात विश्रांती घेणे म्हणजे सापडण्याचा धोका पत्करणे होते. पण शरीर थकले होते. जुलै १८७९ मध्ये विजापूरच्या परिसरातील देवर नावदगी येथे ते निद्रिस्त असताना मेजर डॅनियल यांनी त्यांना पकडले.

खटला आणि एडन

पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांनी त्यांचा बचाव केला. फडके यांनी स्वतः लिहिलेली हकीकतच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन १८८० मध्ये एडनला नेण्यात आले.

तेथे एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडले आणि तुरुंगाबाहेर पलायन केले. एडनचे द्वीपकल्प म्हणजे मृत ज्वालामुखीचे उघडेबोडके डोंगर. तेथे गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष, झाडांचा आडोसा नाही आणि मुख्य भूमीकडे जाण्यास एकच अरुंद पट्टी. सह्याद्रीत त्यांना वाट दाखवणारे लोक होते. येथे कोणीही नव्हते. ते लवकरच पुन्हा पकडले गेले आणि त्यांच्यावरील पहारा कडक झाला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी कैदेतच त्यांचे निधन झाले.

स्मारके

शिरढोण येथे व पुण्यात संगम पुलाजवळ त्यांची स्मारके आहेत. मुंबईत धोबीतलाव येथील चौकास त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९८४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे यांनी त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला.