जुहूला उतरलेले टाटा

जे. आर. डी. टाटा यांचा जन्म १९०४ साली पॅरिसला झाला. १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस, जुहूच्या मैदानावर स्वतः विमान चालवीत उतरले. मैदान कसले, समुद्राकाठची चिखलवटच! पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. (आमच्या गावची वाटही पावसात बुडते, पण आम्ही बिऱ्हाड कोठे हलवणार?) १९४८ च्या जूनमध्ये मुंबई–लंडन विमानसेवा सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ते त्यांना रुचले नाही, तरी अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९७८ मध्ये सरकारनेच ते काढून घेतले. चार वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराचीहून पुन्हा एकदा जुने विमान जुहूला आणले.