चारमिनारचा रस्ता टिपणारे राजा दीनदयाळ कोण होते?

इंदापूरवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग पुढे हैदराबादला पोहोचतो. बारामती-इंदापूरकडचे अनेक जण तिकडे जाऊन चारमिनारसमोर सेल्फी काढून येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच चारमिनारचा रस्ता काचेच्या प्लेटवर टिपणारा माणूस भारतीय होता. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

जुन्या फोटोंत रस्ते रिकामे का?

१८३९ मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली आणि काही वर्षांतच युरोपचे छायाचित्रकार कैरो, जेरुसलेमला पोहोचले. ब्रिटनचे फ्रान्सिस फ्रिथ १८५६ मध्ये इजिप्तला गेले. एका फोटोला कित्येक सेकंद लागत. चालती माणसे पुसट होत किंवा गायबच. उरत मशिदी, मनोरे आणि उंची कळावी म्हणून उभा केलेला एखादा माणूस. तंत्राची अडचण खरी, पण लंडनच्या गिऱ्हाइकालाही पूर्वेचे शहर असेच हवे होते : जुनाट, पेंगुळलेले.

आपल्या जवळचे विजापूरही यातून सुटले नाही. इंदापूर-सुपे भाग एकेकाळी ज्या आदिलशाहीखाली होता, तिची ही राजधानी. तिच्यावर १८६६ मध्ये लंडनहून निघालेल्या ग्रंथात फोटो आहेत ते ब्रिटिश अधिकाऱ्यांचे.

दीनदयाळ इथवर कसे आले?

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन झाले. कॅमेरा हाती आला तो १८७४ च्या सुमारास. तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि ब्रिटिश अधिकारी हेन्री डेली यांचा आधार मिळाला. पुढे नोकरी सोडून ते सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी गेले. १८९४ मध्ये निजामाने ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ सुरू झाला.

त्यांची सर्वांत धाडसी गोष्ट मात्र वेगळीच. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आत, कॅमेरा सांभाळायला श्रीमती केनी-लेव्हिक. युरोपात जनानखान्याची कल्पनाचित्रे रंगवून विकली जात होती. इथे त्या घरांतल्या स्त्रिया आपल्या हौसेने फोटो काढून घ्यायला येत.

मग पाश्चात्त्य नजर पुसली गेली का?

पूर्ण नाही. दीनदयाळ यांचे गिऱ्हाईक व्हाइसरॉयही होते आणि निजामही. निजामाला शिकार, महाल आणि आपला राज्यकारभार दाखवायचा होता. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल हमीद यांनी त्याच सुमारास शाळा, इस्पितळांच्या फोटोंचे अल्बम अमेरिका-ब्रिटनला भेट पाठवले, तसाच हा प्रकार. रस्त्यावरच्या माणसाने यातला एकही फोटो मागवलेला नव्हता.

तरीही एका फोटोपाशी थांबावे लागते. १८९९-१९०० च्या दुष्काळात निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत टिपलेला, हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा. त्या काळात आपल्या भागातही दुष्काळ होता, त्यामुळे हे चेहरे परके वाटत नाहीत.

दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.